मुलगा नववीत गेल्यापासून अंगावर धावून येतो. आईबापाशी असलेल्या नात्याचा याच्याशी संबंध असतो का?

असतो, पण सरळ नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी 1969 मध्ये मांडलं, की आईबापात जीव गुंतलेलं पोर वावगं करताना अडखळतं. 1990 मध्ये गुन्हेगारीचे अभ्यासक मायकेल गॉटफ्रेडसन यांच्यासोबत त्यांनी भर पोराच्या स्वतःवरच्या ताब्यावर दिला: लक्ष ठेवणं, चूक ओळखणं, तिथल्या तिथं समज देणं, यातून तो लहानपणीच घडतो. मला हे जरा टोकाचं वाटतं. वयात येतानाही ताबा वाढतोच की.

इथं सोलापुरात आमचा शेजारी यंत्रमागाच्या रात्रपाळीवरून आला की पोराला आधी बडवायचा, मग विचारायचा. आता सकाळी दोघं एका ताटात भाकरी-शेंगाचटणी खातात. पोरगं दार अजून आपटतं, पण गल्लीत दगड उचलत नाही.