वाळवंटातल्या लांबच्या वसाहतीत फ्लॅट भाड्याने घेताना पार्किंगला किती महत्त्व द्यावं?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट मनासारखा आहे, भाडंही परवडतंय, पण पार्किंग उघड्यावर आहे आणि जागा ठरलेली नाही. तेवढ्यासाठी फ्लॅट सोडावा का? अशाच एका वसाहतीत मी तीन वर्षं काढली, त्यातलं पहिलं वर्ष गाडी उन्हात लावून. माझं मत स्पष्ट आहे. छप्पर नसेल तर निभावता येतं, पण हक्काची जागा नसेल तर सही करू नका.

शहरात जागा मिळाली नाही तर माणूस गाडी घरीच ठेवून बसने जातो. अशा लांबच्या वसाहतीत बस नाही आणि दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नाही. घरात दोघं कमावते असतील तर वर्षभरात दुसरी गाडी येतेच. रस्त्याच्या कडेला लावू म्हणावं, तर डांबर संपलं की भुसभुशीत वाळू. एकदा रात्री माझं मागचं चाक त्यात रुतलं आणि शेजाऱ्यांनी दोरी लावून गाडी ओढून काढली.

आता छपराचं. आधी हे बघा, की भर दुपारी तुमची गाडी असते कुठे? रोज ऑफिसला जात असाल तर ऊन ऑफिसच्या पार्किंगमध्ये लागणार, घरच्या छपराचा उपयोग सुट्टीपुरता. घरून काम असेल किंवा लहान मूल असेल तर मात्र छपरासाठी जास्त भाडं जरूर द्या. 2018 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 38 अंशांच्या वरच्या दिवसांत गाड्या उभ्या करून मोजमाप केलं. उन्हात तासाभरात डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांवर गेला, स्टिअरिंग 53 वर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड 48 वर राहिला. आमच्या मुलीच्या सीटच्या पट्ट्याचं धातूचं बक्कल इतकं तापायचं, की आधी ओला रुमाल त्यावर दाबून धरायचा आणि मगच तिला बसवायचं. तेवढा वेळ ती दारात उन्हात उभी. छपराची जागा घेतली ती त्यासाठीच.

बॅटरीचंही तेच. उष्णतेने ती आतून झिजत जाते आणि दगा देते एखाद्या थंड पहाटे. माझी दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच गेली. मेकॅनिक यायला दोन तास लागले, कारण वसाहत लांब! इलेक्ट्रिक गाडी असेल तर तुमच्या जागेपाशी चार्जिंगची सोय आहे का, नसल्यास करून देतील का, हे आधीच विचारून घ्या.

छप्पर नसेल तर निदान इमारतीच्या पूर्वेकडची जागा मागा, दुपारनंतर तिथे इमारतीची सावली पडते. कापडी कव्हर घालू नका. वाऱ्यात ते फडफडतं आणि आत शिरलेली वाळू रंगावर घासत राहते. कोरड्या फडक्याने धूळ पुसणंही टाळा, ओरखडे उठतात.

बेसमेंट पार्किंग असेल तर उत्तम, फक्त उतारावरून पाणी आत येतं का ते बघा. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की जमीन पाणी पटकन शोषत नाही आणि गटारंही बेताचीच असतात. एप्रिल 2024 मध्ये दुबईत एका दिवसाच्या पावसाने बेसमेंटमधल्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या.

सही करण्याआधी तिथे दोनदा जा. एकदा दुपारी तीन-चारला, कुठे सावली आहे ते बघायला. दुसऱ्यांदा रात्री दहानंतर, सगळे घरी परतल्यावर, किती गाड्या बाहेर वाळूत उभ्या आहेत ते मोजायला. एजंट म्हणेल, "कुठेही लावा, जागा भरपूर आहे." घरमालकाला सांगून जागेचा नंबर करारात लिहून घ्या, आणि पाहुण्यांची गाडी कुठे लावायची हेही त्याच वेळी विचारा.