पॅनलमागचा नंबर आणि 22 एप्रिल

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी भावांचं पत्र आहे. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी घरावर 540 वॉटची सहा पॅनलं बसवली आणि 1 लाख 65 हजार रुपये मोजले. विक्रेता म्हणाला होता, ‘टियर वन कंपनी आहे, 25 वर्षं बघायचं काम नाही.’ पण भर दुपारीही इन्व्हर्टरचा आकडा 2,700 वॉटच्या वर जाईना. कंपनीला मेल केला, तर हे सिरियल नंबर आमचे नाहीत असं उत्तर आलं. खटला कोणत्या मुद्द्यावर टिकेल आणि साळ्याने पॅनल घेताना कोणतं रेटिंग बघावं, असं ते विचारतात. अशीच पत्रं हल्ली खूप येतात.

भाऊ, कंपनीचा तो मेल 22 एप्रिल 2024 चा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. फसवणूक तुम्हाला त्या मेलमुळे कळली असं धरलं, तर 22 एप्रिल 2026 ला मुदत संपते. हे लिहिताना फेब्रुवारी 2026 संपत आलाय. विक्रेत्याचा वकील तर मुदत खरेदीपासून मोजा म्हणेल, आणि तसं मोजलं तर ती गेल्या महिन्यातच संपली. म्हणून तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडाच. तो मंजूर होईलच असं मी सांगू शकत नाही.

विक्रेता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पुढच्या महिन्यात बदलून देतो’ म्हणत राहिला आणि तुम्ही पावणेदोन वर्षं त्यावर विसंबलात, याचा मला खरंच राग येतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाही. 75 हजार रोख देऊन कच्ची पावती घेतलीत, तीही सिरियल नंबर नसलेली. सोयाबीन विकताना काटापट्टी मागता ना तुम्ही?

आता मुद्दा. ‘दर पॅनलला 540 चे 450 वॉटच मिळतात’ यावर तक्रार उभी करू नका. 540 हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरला 1,000 वॉट ऊन आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान 25 अंश. आपल्याकडे उन्हाळ्यात सेल 70 अंशांपर्यंत तापतो. वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे 0.35 टक्के घट धरली, तर 45 अंशांची जवळपास 16 टक्के होते आणि 540 चे 455 उरतात. समोरचा वकील हेच गणित मांडेल आणि तुमचं म्हणणं तिथेच पडेल. ‘टियर वन’वरही भिस्त नको. ती ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेची यादी आहे. कोणत्या कंपनीच्या पॅनलवर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांना बँका कर्ज देतात, एवढंच ती सांगते. ती दर्जाची मोजपट्टी म्हणून वापरू नका, असं ती काढणारेच सांगतात.

तुमचा खरा पुरावा तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत आहे. पॅनलच्या काचेखालच्या बारकोडचा नंबर वेगळा आणि मागच्या स्टिकरवरचा वेगळा. स्टिकरचा एक कोपरा उचललेला आहे आणि त्याखाली जुन्या गोंदाचा पिवळा डाग दिसतो. सहाही पॅनलांचे असे दोन-दोन फोटो तारखेसह काढा. विक्रेता आता पॅनल बदलून द्यायला आला, तरी जुनी काढू देऊ नका. ग्राहक कायद्याच्या कलम 38 प्रमाणे आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पॅनलच गेली, तर तपासायचं काय?

तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात करा. तुम्ही त्या जिल्ह्यात राहता, तेवढं पुरेसं आहे. 5 लाखांपर्यंत फी नाही. विक्रेत्यासोबत कंपनीलाही प्रतिवादी करा, म्हणजे तिला आपल्या मेलबद्दल आयोगापुढे उत्तर द्यावं लागेल. दोषयुक्त माल, अनुचित व्यापारी प्रथा आणि बिल न देणं, हे तिन्ही मुद्दे घ्या. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लावा. पोलिसांत जायचं तर व्यवहार 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू होण्याआधीचा असल्याने जुन्या भादंविचं कलम 420 लागेल. पोलीस गुन्हा नोंदवतील का, हे सांगता येत नाही. आयोगाने तपासणीच्या प्रकरणात पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. शेतीची कामं सोडून माणसं तारखांना चकरा मारतात, आणि हे मला आजही पचत नाही.

साळ्यांना सांगा, कंपनीचं नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. केंद्राच्या एएलएमएम, म्हणजे मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांच्या यादीत नेमका तोच मॉडेल नंबर शोधा. पीएम सूर्य घर योजनेचं अनुदान हवं असेल, तर सेलही भारतात बनलेले लागतात. डेटाशीटवर तापमानाची घट बघा. 0.29 आणि 0.35 मधला फरक आपल्या उन्हात जाणवतो. मालाची वॉरंटी आणि 25 वर्षांची उत्पादनाची वॉरंटी वेगवेगळ्या असतात, दोन्ही कंपनीच्या कागदावर घ्या. आणि जीएसटी बिलावर प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर लिहून, तो काचेखालच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय गाडीतून माल उतरवू देऊ नका.