चढांच्या लांब राइडसाठी गिअर: हिशोब शेवटच्या चढापासून सुरू करा

तुम्ही विचारलंय की तुमच्या रोड बाइकला पुढे ५०/३४ (५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, म्हणजे चेनरिंग) आणि मागे ११-२८ (११ ते २८ दात्यांच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट) आहे, दोन महिन्यांनी २०० किलोमीटरची आणि सुमारे ३००० मीटर चढाची राइड आहे, तर कॅसेट बदलून ११-३४ घ्यावी की आहे त्याच गिअरवर पाय तयार करावेत. सोबतचे म्हणतात की ३४ दात्यांची कॅसेट लावणं म्हणजे हार मानणं.

कॅसेट बदला. सराव तर करायचाच आहे, पण त्याच्याशी कॅसेट बदलण्याचं काही भांडण नाही. खरं तर तुमच्यासाठी ३४ सुद्धा पुरेल का, हे तपासायला हवं. ते अंदाजाने ठरवू नका, कारण याचा साधा हिशोब मांडता येतो.

अर्ध्या-पाऊण तासाचा एक सलग चढ निवडा. तो जीव तोडून चढू नका. वर पोहोचल्यावर असाच आणखी एक चढ लगेच चढता येईल, इतक्याच जोराने चढा. किती मीटर उंची मिळवली आणि किती वेळ लागला, एवढं लिहून ठेवा. पॉवर मीटरची गरज नाही. समजा, ४५ मिनिटांत ४५० मीटर चढलात, म्हणजे तासाला ६०० मीटर. हा तुमचा आकडा, आणि पुढचं सगळं यावरून निघतं.

तासाला मिळवलेल्या उंचीला चढाच्या टक्केवारीच्या दहापटीने भागलं की त्या चढावरचा तुमचा वेग मिळतो, ताशी किलोमीटरमध्ये. ६०० मीटरवाल्या माणसाचा आठ टक्क्यांच्या चढावरचा वेग ६०० भागिले ८०, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. मिनिटाला १२५ मीटर. आता गिअर पाहा. ७०० बाय २५ टायरच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. पुढे ३४ आणि मागे २८ (३४/२८) असताना क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, एका फेरीत सायकल २.५५ मीटर जाते, म्हणजे १२५ मीटरसाठी मिनिटाला ४९ फेऱ्या. मागे ३४ लावलं तर एका फेरीला बरोबर २.१ मीटर, म्हणजे जवळजवळ ६०. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ६७.

हे झालं ताज्या पायांचं. मी लांब राइडनंतर माझे आकडे पाहतो तेव्हा शेवटच्या चढांवर माझा वेग पहिल्या चढाच्या मानाने पाचवा हिस्सा तरी कमी झालेला असतो. ६०० चे ४८० झाले की आठ टक्क्यांवर वेग ताशी सहा किलोमीटर उरतो. ३४/२८ वर कॅडन्स, म्हणजे मिनिटाला क्रँकच्या फेऱ्या, ३९. ३४/३४ वर ४८. ३०/३४ वर ५४. आणि मध्येच बारा टक्क्यांचा तुकडा आला तर ताशी चार किलोमीटर वेगाने ३४/२८ वर मिनिटाला फक्त २६ फेऱ्या. त्या वेगात सायकल सरळ ठेवायलाच ताकद लागते, आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे भरकटायला लागतं.

गिअर याच क्षणासाठी निवडायचा असतो. पहिल्या चढावर २८ वर छान चढलो, हा अनुभव खरा असतो, पण तो १७० व्या किलोमीटरबद्दल काहीच सांगत नाही.

मी हे फार उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) माझ्या सायकलला पुढे ५२/३६ आणि मागे ११-२८ होतं. वेळेची मर्यादा २० तास, आणि मी पहिले दोन चढ उभ्याने पेडल मारत आनंदात पार केले. तिसऱ्या चढावर कॅडन्स चाळिशीच्या खाली गेला. बसून पेडल फिरेना आणि उभं राहिलो की मांड्या पेटत. शेवटी उतरलो आणि पाऊण किलोमीटर सायकल ढकलत चाललो. राइड वेळेत पूर्ण झाली, पण उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं सुरू झालं आणि त्यानंतर तीन आठवडे सायकलला हात लावता आला नाही. ते तीन आठवडे मला अजून आठवतात, म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहितोय.

गुडघ्याचं कारण सरळ आहे. ताकद म्हणजे पेडलवरचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. तीच ताकद ५० ऐवजी ६७ फेऱ्यांनी दिली तर प्रत्येक फेरीतला जोर चतुर्थांशाने कमी होतो. तुमच्या राइडमध्ये ३००० मीटर चढ आहे, म्हणजे तासाला ६०० मीटरने चढलात तरी पाच तास निव्वळ चढण्यात जाणार. पाच तासांत हजारो फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत वाचलेला तो चौथा हिस्सा शेवटी तुमच्या पायांत शिल्लक राहतो. हलक्या गिअरवर हृदय आणि फुप्फुसांना थोडं जास्त काम पडतं हे खरं. पण दम पाच मिनिटांत परत येतो, थकलेल्या मांड्या त्याच दिवशी परत येत नाहीत.

रस्त्याची माहिती काढताना चढाच्या सरासरी टक्केवारीवर विसंबू नका. फ्रान्समधल्या मॉन्ट व्हाँटूचं उदाहरण बोलकं आहे. बेद्वाँ गावाकडून चढलात तर सुमारे २१ किलोमीटर आणि सरासरी साडेसात टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटर सौम्य आहेत आणि सरासरी त्यांनी खाली ओढलेली आहे. मग जंगलातला टप्पा सुरू होतो, तिथे नऊ-दहा टक्के किलोमीटरमागून किलोमीटर चालू राहतात आणि मध्ये श्वास घ्यायला सपाटी मिळत नाही. त्याउलट आल्प द्युएझचे १३.८ किलोमीटर सरासरी ८.१ टक्क्यांचे आहेत, म्हणजे कागदावर जास्त अवघड, पण त्याची २१ वळणं जवळपास सपाट असल्यामुळे दर थोड्या वेळाने पाय मोकळे होतात. एकूण चढाचा आकडाही असाच फसवतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब राइडच्या १२०० किलोमीटरमध्ये १० हजार मीटरहून जास्त चढ आहे, पण तो असंख्य छोट्या टेकड्यांमध्ये वाटलेला. तेव्हा तुमच्या मार्गाचा नकाशा उघडा आणि सर्वात तीव्र असा एक सलग किलोमीटर शोधा. तो शेवटच्या तिसऱ्या भागात येत असेल तर वरचा हिशोब त्याच्यासाठी करा.

आता त्या आक्षेपाकडे वळतो जो सगळे घेतात: ११-३४ लावली की दोन गिअरमधलं अंतर वाढतं आणि सपाटीवर हवा तो कॅडन्स मिळत नाही. मीही हे बरीच वर्षं मानत होतो. मग एकदा दोन्ही कॅसेटचे दाते शेजारी शेजारी लिहून पाहिले. शिमानोच्या ११ स्पीडमध्ये (मागे ११ चक्रं) ११-२८ चे दाते असे आहेत: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. आणि ११-३४ चे असे: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. नीट पाहा. १५ पासून २५ पर्यंत दोन्ही एकसारख्या आहेत. जातात फक्त १२ आणि १४. पुढे ५० असताना १४ वर ८५ च्या कॅडन्सला वेग येतो ताशी ३८ किलोमीटर. दिवसभराच्या राइडमध्ये एकट्याने सपाटीवर ताशी ३८ ने किती वेळ जाणार आहात? ज्या वेगात तुमचा बहुतेक दिवस जाणार, तिथे काहीही बदलत नाही. तुमच्याकडे ११ स्पीड असेल तर हा आक्षेप मनातून काढून टाका. गटात वेगाने शर्यत खेळणाऱ्याला १२ आणि १४ ची उणीव जाणवेल, आणि त्याने ती गांभीर्याने घ्यावी. त्याचं काम वेगळं आहे.

उतारावरचा जड गिअर तर त्याहून कमी महत्त्वाचा. ५०/११ वर ९० च्या कॅडन्सला ताशी साडेएक्कावन्न किलोमीटर होतात, ४६/११ वर सत्तेचाळीसच्या थोडं वर. एवढ्या वेगाच्या पुढे लांब राइडमध्ये पेडल मारण्यापेक्षा शरीर खाली वाकवून पाय थांबवणं जास्त फायद्याचं. ती विश्रांती पुढच्या चढाला उपयोगी पडते.

बसवण्याच्या बाबतीत मात्र घाई करू नका. रिअर डिरेलर, म्हणजे चेन मागच्या एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, ३४ दाते पेलतो का, हे आधी पाहा. शिमानो १०५ आर ७००० चंच उदाहरण घेऊ. त्याच्या छोट्या पिंजऱ्याच्या डिरेलरला, म्हणजे एसएसला, जास्तीत जास्त ३० दाते चालतात आणि लांब पिंजऱ्याच्या जीएसला ३४. दुसरी गोष्ट म्हणजे चेनचा ढिलेपणा ओढून घेण्याची क्षमता. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि कॅसेटच्या दोन टोकांमधला फरक यांची बेरीज करायची. तुमच्या बाबतीत १६ अधिक २३, म्हणजे ३९. जीएसची मर्यादा बरोबर ३९ आहे, एसएसची ३५. तेव्हा तुमच्याकडे छोटा पिंजरा असेल तर कॅसेटबरोबर डिरेलरही बदलावा लागेल.

आणि चेन. कॅसेट मोठी केली की बहुतेक वेळा चेनही लांब लागते. मी एकदा जुन्याच चेनवर ११-३४ चढवली आणि तपासलं नाही. चुकून पुढे ५० आणि मागे ३४ पडलं, चेन दोरीसारखी ताणली गेली आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे तो ज्या तुकड्याला लटकतो तो, वाकला. वेग अगदी कमी होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्यामुळे नवी कॅसेट बसली की सायकल स्टँडवर घेऊन हाताने हळूहळू मोठी-मोठी जोडी लावून पाहा. डिरेलरमध्ये थोडी तरी लवचीकता उरली पाहिजे. डिरेलरचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवणारा बी-स्क्रूही फिरवावा लागेल, नाहीतर डिरेलरचं वरचं छोटं चाक मोठ्या दात्यांना घासतं. शिमानोची ११ स्पीड ११-३४ रोडच्या ११ स्पीड फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) बसवताना आत १.८५ मिलिमीटरची चकती लागते. ती विसरली तर कॅसेट डुगडुगते.

तुमचा आकडा तासाला ५०० मीटरच्या खाली येत असेल, किंवा सायकलवर सामानाच्या बॅगा असतील, तर मी पुढच्या बाजूलाही हात घालायला सांगेन. रोडच्या कॉम्पॅक्ट क्रँकवर ३४ पेक्षा लहान चेनरिंग सहसा बसत नाही, म्हणून क्रँकच बदलावा लागतो. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत ४६/३० चा क्रँक आहे. त्याची चेनलाइन, म्हणजे चेन चालते ती रेषा, रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असल्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्यावा. रिअर डिरेलरचा हिशोब मात्र तोच राहतो, कारण ४६ आणि ३० मधला फरकही १६ च आहे. माझ्या लांब पल्ल्याच्या सायकलवर आज हीच जोडी आहे: ४६/३० आणि ११-३४. सपाटीवर मोठ्या चेनरिंगवरून उतरायची वेळ फार कमी येते, ही तिची मला सर्वात आवडलेली गोष्ट. आधी ५० वर असताना थोडा चढ आला की ३४ वर या, थोडी सपाटी आली की परत ५० वर जा, असं दिवसभर चालायचं, आणि प्रत्येक वेळी मागचे दोन-तीन गिअर बदलून लय जुळवावी लागायची. स्रॅमकडे ४६/३३ आणि १०-३६ अशी रचना आहे. तिथे सर्वात लहान दातं १० चं असल्यामुळे ४६/१० हा गिअर ५०/११ पेक्षाही किंचित जड पडतो, त्यामुळे काहीच गमावल्यासारखं वाटत नाही.

राहिली हार मानण्याची गोष्ट. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. व्हेलोसिओ या नावाने लिहिणारे फ्रेंच सायकलपटू पॉल द व्हिव्ही सेंट-एतिएनच्या डोंगरांत एकाहून अधिक गिअरच्या सायकली चालवून पाहत होते आणि त्यांचा आग्रहाने प्रचार करत होते, तेव्हाही गिअर म्हणजे दुबळ्यांचं साधन असं म्हणणारे होतेच. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला १९३७ साली परवानगी मिळाली. त्याआधीचे शर्यतपटू चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढत आणि उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचं चक्र असे. जगातले सर्वात ताकदवान पायसुद्धा चढासाठी हलका गिअर शोधत होते. आजचे व्यावसायिकही डोंगराळ टप्प्यांवर ३० आणि ३४ दात्यांच्या कॅसेट लावतात, आणि त्यांची चढण्याची गती तुमच्या-माझ्या दुप्पट-तिप्पट असते.

नवी कॅसेट राइडच्या किमान तीन आठवडे आधी बसवा. त्या दिवशी जितकं सामान असेल तितकंच घेऊन एक शंभर किलोमीटरची डोंगराळ राइड करा आणि शेवटच्या चढावर कॅडन्स बघा. बसून ५५ च्या वर राहिला तर निश्चिंत जा. खाली गेला तर तासाला किती मीटर चढलात, सर्वात तीव्र किलोमीटर किती टक्क्यांचा आहे आणि रिअर डिरेलरचा मॉडेल क्रमांक काय, एवढं इथे खाली लिहा. पुढचा हिशोब मी करून देतो.