छोट्या ट्रॅक्टरची चाकं कल्टिव्हेटर ओढताना घसरतात, मागच्या चाकांना लोखंडी वजनं लावावीत का?

24 एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह, काळं रान, पाच फणांचा कल्टिव्हेटर, एवढं तुम्ही सांगितलंय. वजनं लावा, पण सगळ्यात शेवटी. आमच्या द्राक्षबागेत असाच ट्रॅक्टर आहे, म्हणून सांगतो.

वाफसा यायच्या आत, म्हणजे ओल ओसरून माती मशागतीजोगी व्हायच्या आधी, काळ्या रानात शिरलात तर टायरच्या खाचा मातीनं भरतात, मग वजन कितीही घाला, चाक गुळगुळीतच.

वाफशातही घसरत असेल तर नेमकं किती घसरतंय ते मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. औजार उचलून चाकाचे 10 फेरे चालवा, अंतर मोजा. मग फण जमिनीत घालून त्याच रानात पुन्हा 10 फेरे. रिकाम्यात 29 मीटर आणि कामात 25 मीटर आलं, तर घसरण 14 टक्के. टू-व्हीलला 15 टक्क्यांपर्यंत चालतं. ती शून्यावर आणायच्या मागे लागू नका. चाक अजिबात सुटलं नाही की सगळा ताण गिअरबॉक्सवर जातो.

जास्त निघाली तर आधी खोली कमी करा. दोन उथळ पाळ्या एका खोल पाळीपेक्षा बऱ्या. तुमच्या ट्रॅक्टरला ड्राफ्ट कंट्रोल असेल तर तो वापरा. बरेच जण औजार एकाच उंचीवर धरणाऱ्या पोझिशनच्या लिव्हरवरच काम भागवतात. ड्राफ्टवर असताना कडक जागा आली की हायड्रॉलिक औजार किंचित उचलतं आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. फुकटचं वजन!

त्यानंतर टायरमध्ये पाणी. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह वर ठेवून भरलं की पाऊण टायर भरतो, लिटरमागे किलोभर वजन वाढतं. वर हवा भरायला विसरू नका. एवढ्यानं भागलं नाही तरच लोखंडी वजनं घ्या, आणि औजार उचलल्यावर पुढची चाकं हलकी होत असतील तर बंपरलाही लावा.

डिफरेन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारा लॉक, फक्त सरळ ओळीत लावायचा, वळणाआधी सोडायचा.

रोटाव्हेटरला मात्र ही कटकट नाही, त्याची पाती चाकांच्याच दिशेनं फिरतात आणि ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. पण दरवर्षी नुसता रोटाव्हेटर मारलात तर खाली घट्ट थर बसतो, तेव्हा अधूनमधून उन्हाळ्यात खोल नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घ्या.