पाकिटातून दिलेली चव: वाण नाही, पण गुण लागतोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिगारेटच्या तंबाखूत काहीच मिसळायचं नाही, फक्त पाकिटाच्या आतल्या चंदेरी कागदाला सुगंधी द्रव्य लावायचं. मग ती चव सिगारेटपर्यंत खरंच पोहोचते का? आणि पोहोचली तरी ‘आमच्या तंबाखूत चव मिसळलेली नाही’ असं म्हणता येईल का? विचारणाऱ्यांना पॅकेजिंगच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून हा विषय मिळालाय.

मी वेष्टनांच्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढली. त्यातला बराच काळ एकाच प्रश्नामागे गेला: वेष्टनातून वास आत किंवा बाहेर किती जातो. त्या अनुभवावरून सांगतो. चव पोहोचते, आणि हळूहळू का होईना, चांगलीच पोहोचते. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण तुम्ही प्रकल्पाची मांडणी करण्याआधी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्याकडे साध्या सिगारेटी तुलनेचा नमुना म्हणून ठेवलेल्या असत. त्याच कपाटात खालच्या फळीवर मेंथॉलची, म्हणजे पुदिन्याचा गारवा देणाऱ्या द्रव्याची, पाकिटं होती. दोन्हीकडची पाकिटं बंद, वरची पारदर्शक फिल्मही शाबूत. तीन आठवड्यांनी साधा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे नमुन्यातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवला, तर आलेखात मेंथॉलचा सुळका. मी आधी यंत्रावर संशय घेतला. सिरिंज धुतली, द्रावक बदलला, कोरा नमुना चालवून पाहिला. दोन दिवस त्यातच गेले. शेवटी आमच्या वरिष्ठांनी कपाटाचं दार उघडलं, एकदा वास घेतला आणि म्हणाले, “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.” तंबाखू शेजारच्या पाकिटातला वास धरते, तर स्वतःच्या पाकिटाच्या अस्तरातला धरणार नाही असं कसं होईल?

हे घडतं कसं ते पाहू. पाकिटातला चंदेरी कागद म्हणजे साधारण ६ ते ७ मायक्रॉन जाडीचं ॲल्युमिनियम आणि त्याला चिकटवलेला पातळ कागद. ॲल्युमिनियम अखंड असेल तर त्यातून सुगंधी रेणू जवळजवळ आरपार जात नाहीत. त्यामुळे द्रव्य आतल्या बाजूला लावलं की त्याला जायला मुख्यतः एकच दिशा उरते, ती म्हणजे तंबाखूची. रेणू कागदावरून उडतात, पाकिटातल्या हवेत भरतात आणि तिथून तंबाखूवर बसतात. कागद, हवा आणि तंबाखू यांच्यात समतोल होईपर्यंत हे चालू राहतं. त्यात तंबाखू हा फार लोभी पदार्थ आहे. बारीक चिरल्यामुळे तिचा पृष्ठभाग प्रचंड असतो, पानावर नैसर्गिक मेणं असतात, आणि ओलावा टिकावा म्हणून अनेकदा ग्लिसरॉल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. या सगळ्यांना सुगंधी रेणू धरून ठेवायला आवडतं. फिल्टरही मागे राहत नाही. सेल्युलोज ॲसिटेटचे तंतू आणि त्यांना घट्ट करायला वापरलेलं ट्रायॲसिटिन मेंथॉल शोषून घेतात.

मात्र चंदेरी कागद घडी घालून बसवलेला असतो, कडांना सीलबंद केलेला नसतो. त्या घड्यांमधून थोडा वास निसटतो. बाहेरची पॉलिप्रॉपिलीनची फिल्म ओलावा बऱ्यापैकी अडवते, पण तेलकट स्वभावाच्या सुगंधी रेणूंना ती हळूहळू वाट देते. माझ्या कपाटात झालं ते यामुळेच. संत्र्याच्या रसाच्या खोक्यातलं पॉलिइथिलीनचं अस्तर रसातलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य स्वतःत ओढून घेतं आणि रस फिका लागू लागतो, हे तुम्ही अभ्यासक्रमात शिकला असाल. इथे तोच खेळ उलट्या दिशेने चालतो. वेष्टन चव घेत नाही, चव देतं.

प्रत्येक द्रव्य असं जातंच असं नाही, आणि तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात रंजक भाग मला हाच वाटतो. मेंथॉल साधारण ४२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि सुमारे २१२ अंशांना उकळतं. म्हणजे खोलीच्या तापमानाला ते घन स्फटिकांच्या रूपात कागदावर टिकून राहतं, तरी न वितळता थेट वाफ होऊन हळूहळू उडत राहतं. पाकिटातून चव देण्यासाठी याहून सोयीचं द्रव्य सापडणं कठीण. व्हॅनिलिन ८० अंशांच्या जरा पुढे वितळतं, पण उकळायला २८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. हवेतून ते फारसं प्रवास करत नाही, त्याला प्रत्यक्ष स्पर्श लागतो. केळ्याच्या वासाचं आयसोॲमिल ॲसिटेट दुसऱ्या टोकाला. ते १४२ अंशांना उकळतं, त्यामुळे पाकीट दुकानात पोहोचण्याआधीच त्यातलं बरंचसं घड्यांमधून निघून जाण्याची भीती. अशी पळकी द्रव्यं थांबवून ठेवायला ती सूक्ष्म कुप्यांमध्ये किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या पिंजऱ्याच्या आकाराच्या रेणूंमध्ये कोंडतात.

ही कल्पना नवीन आहे असं समजू नका. पहिली मेंथॉल सिगारेटच डब्यातून जन्मली असं सांगितलं जातं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लॉइड ह्यूजने दम्यावर हुंगायचे मेंथॉलचे स्फटिक आणि आपल्या सिगारेटी एकाच डब्यात ठेवल्या, आणि सिगारेटींना मेंथॉलचा गारवा लागला. १९२५ मध्ये त्याने मेंथॉल लावलेल्या सिगारेटचं पेटंट मिळवलं. त्याहून जुनं उदाहरण सिगारचं. सिगारच्या पेट्या आणि काही सिगारभोवतीचे पातळ पापुद्रे ज्या लाकडाचे असतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. नाव सीडर असलं तरी ते झाड महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातलं. त्याचा सुगंध सिगारमध्ये मुरतो आणि शौकीन लोक तो चवीचाच भाग मानतात. पुढे सिगारेट उद्योगाने चंदेरी कागदाला मेंथॉल लावण्याची पद्धत रीतसर वापरली. तंबाखूवर फवारणी, फिल्टरमध्ये मेंथॉल आणि अस्तरावर मेंथॉल हे तिन्ही मार्ग त्यांना ठाऊक होते. धूर ओढणाऱ्याच्या घशाशी तिघांचा शेवट सारखाच.

आता ‘तंबाखूत चव नाही’ या दाव्याकडे येतो. इथे अनेक जण चकतात, कारण त्यांच्या मनात घटकांची यादी असते आणि त्या यादीत फक्त तंबाखूत कालवलेलं तेवढंच धरायचं असं ते गृहीत धरतात. कायदा लिहिणाऱ्यांनी ही पळवाट पाहिली होती. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशात, म्हणजे २०१४/४०/ईयूमध्ये, सातव्या कलमात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूला तंबाखूखेरीज दुसरी ठळक चव असता कामा नये. दोन, फिल्टर, कागद, वेष्टन, कॅप्सूल अशा कोणत्याही घटकात चवीचं द्रव्य असता कामा नये. वेष्टन हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. दुसऱ्या तरतुदीत चव ‘ठळक’ आहे का हे सिद्धच करावं लागत नाही, ते द्रव्य तिथे असणं पुरतं. मेंथॉलला मुदत मिळाली होती, ती २० मे २०२० ला संपली. त्याच निर्देशाचं तेरावं कलम पाकिटावर चव, वास किंवा त्यांचा अभाव यांचा उल्लेखही करू देत नाही. तेव्हा ‘चव नाही’ असं पाकिटावर छापणंसुद्धा तिथे चालणार नाही. सिगार, सिगारिलो वगैरे मात्र सातव्या कलमातल्या या दोन्ही बंधनांतून सुटले, आणि हे दार उघडं ठेवणं ही चूक होती असं माझं मत आहे. तापवून ओढायच्या तंबाखूची सूट पुढे काढून घेतली गेली, ती तरतूद २३ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली.

अमेरिकेत रचना वेगळी आहे. २००९ च्या कायद्याने सिगारेटमधल्या तंबाखू आणि मेंथॉल सोडून इतर ठळक चवींवर बंदी आणली. मेंथॉल वाचलं ते तिथे आजही बोचतंय. २०२२ मध्ये त्यावर बंदीचा प्रस्ताव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. पण तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट त्या कायद्यातली ‘मिश्रक’ या शब्दाची व्याख्या आहे. जो पदार्थ थेट किंवा आडमार्गाने उत्पादनाचा भाग बनेल किंवा त्याचा गुणधर्म बदलेल अशी वाजवी अपेक्षा आहे, तो मिश्रक. आणि त्यात वेष्टनासाठी वापरलेले पदार्थही नाव घेऊन धरलेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नव्या तंबाखू उत्पादनांच्या परवानगीचे नियम प्रसिद्ध केले. त्यात तर तुमचंच उदाहरण आहे: आतल्या चंदेरी कागदाला मेंथॉल लावलं आणि ते उत्पादनात जाणार असेल, तर ते वेष्टन उत्पादनाचाच भाग धरायचं. सोबत आणखी एक उदाहरण दिलंय. ओल्या तंबाखूची डबी प्लास्टिकऐवजी पुठ्ठ्याची केली तर ओलावा बदलतो, जिवाणूंची वाढ बदलते आणि साठवणीत कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होण्याचं प्रमाणही बदलू शकतं. तिथे चवीचा संबंधच नाही, तरी वेष्टन निर्दोष ठरत नाही.

दोन्हीकडच्या लेखनात मला एक तत्त्व दिसतं आणि ते मला पूर्ण पटतं: द्रव्य कुठून आलं ते गौण, कुठे पोहोचलं ते मुख्य.

एक पळवाट मात्र अजून उरली आहे. युरोपातल्या बंदीनंतर सुगंधी कार्डं विकली जाऊ लागली. कार्ड वेगळं विकत घ्यायचं, पाकिटात सरकवायचं, थोडा वेळ थांबायचं, की सिगारेटींना मेंथॉल लागतं. कार्डात तंबाखू नाही, ते तंबाखूच्या वेष्टनाचा भागही नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी लागू होत नाही. रसायनाच्या नजरेने पाहिलं तर चंदेरी कागद आणि हे कार्ड यात काडीचा फरक नाही. मी कायदा लिहीत असतो तर ‘तंबाखूला चव देण्यासाठी विकलेली कोणतीही वस्तू’ असे शब्द घातले असते.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगतो. चव ही तंबाखूची सजावट नाही, ती आत शिरायची वाट आहे. मेंथॉल मज्जातंतूंवरच्या टीआरपीएम८ या थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं. हा रिसेप्टर २००२ मध्ये ओळखला गेला. धुराची जळजळ त्या गारव्याखाली झाकली जाते, आणि पहिल्या झुरक्याला जो ठसका नवशिक्याला थांबवू शकला असता तो सौम्य होतो. धूर मात्र तोच, त्यातलं निकोटीन आणि डांबर तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातल्या नवव्या आणि दहाव्या कलमांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात, की रुचकर करणारे घटक मर्यादित करावेत किंवा बंद करावेत. शिवाय ‘हे द्रव्य खाद्यपदार्थांत चालतं’ हा युक्तिवाद तुमच्या अहवालात कृपा करून आणू नका. पोट आणि फुप्फुस वेगळे आहेत. लोण्याच्या वासाचं डायॲसिटिल खाण्यात चालत होतं, पण त्याची वाफ रोज श्वासात घेणाऱ्या पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या.

म्हणून प्रकल्पाची दिशा बदला असं सुचवतो. ‘अस्तरातून चव कशी द्यावी’ याऐवजी ‘अस्तरातून चव आली हे कसं पकडावं’ हा विषय घ्या. त्यात रसायन तेवढंच आहे, आणि नियामक प्रयोगशाळांच्या ते उपयोगाचं आहे. बाजारात मेंथॉल जिथे कायदेशीर आहे तिथलीच पाकिटं नमुना म्हणून वापरा. नवं अस्तर तयार करायची गरजच नाही.

करताना एका गोष्टीत फसाल, म्हणून आधीच सांगतो. सिगारेट तपासण्याआधी आयएसओ ३४०२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २२ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत किमान ४८ तास उघडी ठेवायची पद्धत आहे. ओलाव्यासाठी ती योग्य आहे, पण त्या ४८ तासांत मेंथॉल उडून जातं आणि तुमचा आकडा खोटा कमी येतो. मेंथॉल मोजायचं असेल तर पाकीट फोडल्याबरोबर चंदेरी कागद, तंबाखू आणि फिल्टर वेगळे करून लगेच द्रावकाच्या वेगवेगळ्या बाटल्यांत घाला. तिन्हींचे आकडे वेगळे नोंदवा आणि बेरीजही मांडा. ताज्या उत्पादनापासून सुरुवात करून दर आठवड्याला एक पाकीट फोडलंत तर कागदावरचा आकडा उतरताना आणि तंबाखूतला चढताना दिसेल. बेरीज घटत गेली तर तेवढं वेष्टनाबाहेर गेलं असं धरा. एकच दिवस मोजलंत तर काहीच कळणार नाही. कारखान्यातून निघालेलं पाकीट आणि महिन्याभराने ग्राहकाच्या हातात पडलेलं पाकीट रासायनिकदृष्ट्या दोन वेगळी उत्पादनं असतात.

आणि साधा, बिनमेंथॉलचा तुलनेचा नमुना दुसऱ्या खोलीत ठेवा. जमलं तर दुसऱ्या इमारतीत, झाकणाला फिरकी असलेल्या काचेच्या बरणीत.