हप्ता, मेस आणि मामांची एसआयपी

प्रश्न: नमस्कार ताई, मी मूळची बार्शीची, इंजिनिअरिंग करून आता हिंजवडीत आयटी कंपनीत आहे, हातात ३८,००० येतात. वाकडला कॉट बेसिसवर राहते, भाडं ६,५००. एज्युकेशन लोन कॉलेजच्या काळातलं व्याज धरून ८ लाख झालंय, रेट १०.५ टक्के, १० वर्षांचा हप्ता साधारण १०,८०० बसतो. पण मला इतकी वर्षं हे डोक्यावर नकोय म्हणून गेल्या काही महिन्यांपासून २५,००० भरतेय, घरी ५,००० पाठवते. मेस एकवेळचीच ठेवलीय, रात्री बिस्किट नाहीतर मॅगी. रूममेट कंजूष म्हणून चिडवतात. बाबा म्हणतात बँकेने दहा वर्षं दिलीत ना मग कशाला जीव काढतेस, मामा म्हणतात लोन राहू दे एसआयपी कर (दर महिन्याला म्युच्युअल फंडात पैसे टाक), काका म्हणतात लोन असलं की टॅक्स वाचतो. नक्की कोणाचं ऐकू?
– एक वाचक, वाकड

उत्तर: आधी तुझाच हिशोब बघू. ३८ मधून २५ बँकेत, ५ घरी, साडेसहा भाडं, उरले १,५००. यात एकवेळची मेस पण बसत नाही, मग बस, मोबाईल, लाईटबिल कुठून जातं? पत्रात लिहिलं नाहीयेस पण माझा अंदाज आहे क्रेडिट कार्डावर जात असणार, आणि त्याचं बिल पूर्ण भरलं नाहीस तर व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे साडेदहा टक्क्यांचं कर्ज फेडायला चाळीस टक्क्यांचं कर्ज काढायचं असा प्रकार. तसं असेल तर सगळ्यात आधी ते कार्ड शून्यावर आण, एज्युकेशन लोनचा या महिन्यात नुसता हप्ता गेला तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट, जी हे लोन लवकर फेडायला निघालेल्या मुलामुलींना कोणी सांगत नाही. नुसता १०,८०० चा हप्ता दहा वर्षं भरलास तर व्याज जवळपास ४ लाख ९५ हजार जातं. तोच १८,००० केलास तर लोन पावणेपाच वर्षांत संपतं आणि व्याज २ लाख १८ हजारांच्या आसपास. आणि २५,००० भरलेस तर सव्वातीन वर्षांच्या आत संपतं, व्याज १ लाख ४३ हजार. आता नीट बघ, पहिले सात हजार जास्त भरल्याने पावणेतीन लाखांवर वाचले, पुढचे सात हजार भरल्याने वाचले फक्त पाऊण लाख, आणि तेवढ्यासाठी तू तीन वर्षं रात्रीचं जेवण सोडणार आहेस. मला तरी हा सौदा पटत नाही. काटकसर जरूर कर पण पोट मारून नको, कारण एकदा आजारी पडलीस की ॲडमिटच्या एका बिलात वाचवलेलं निघून जातं.

तर माझं मत, १८,००० वर ये. घरचे ५,००० गेले की १५,००० उरतात. भाडं साडेसहा, लाईट-वायफायचे ७०० धरू, दोन्ही वेळची मेस साडेतीन, झाले १०,७००. राहिलेल्या ४,३०० मध्ये बसचा पास, मोबाईल, साबण-शाम्पू करून सुद्धा हजार-दीड हजार आरडीत, म्हणजे बँकेच्या महिन्या-महिन्याला भरायच्या ठेवीत, टाकता येतात. ती आरडी सोडू नकोस, हातात ५०-६० हजार जमेपर्यंत तरी नाहीच. आयटीत कधी काम न देता बेंचवर बसवतील आणि कधी नोकरी गेल्याचा एचआरचा मेल येईल सांगता येत नाही, आणि बाबा लोनमध्ये को-ॲप्लिकंट (सहअर्जदार) असणारच, त्यामुळे हप्ता चुकला तर तुझ्याबरोबर त्यांचा पण सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब होतो. उद्या ते ट्रॅक्टरच्या लोनसाठी बँकेत गेले की ते बाहेर येणार. दिवाळीचा बोनस, इन्क्रिमेंट, ॲरिअर्स असं जे वरून येईल ते मात्र सरळ लोनमध्ये टाक, त्याची सवय अजून लागलेली नसते म्हणून जाताना त्रास होत नाही.

आणि पैसे वाचवायची खरी जागा तुझ्या ताटात नाहीये. पुण्यात मेसवाल्यांकडे रविवारी संध्याकाळी सुट्टी, त्या एका रात्री अख्खा फ्लॅट ऑनलाइन ऑर्डर करतो आणि प्रत्येकीचे अडीचशे-तीनशे जातात, महिन्याला चार रविवार म्हणजे हजार-बाराशे झाले, एकवेळच्या मेसच्या अर्ध्याहून जास्त. किचन वापरायला देत असतील तर त्या दिवशी मुगाची खिचडी टाक, चौघीत पन्नास-साठ रुपयांत होते. येताना घरून शेंगाचटणी आणि ज्वारीचं पीठ आणत जा, बार्शीच्या माणसाने पुण्यात ज्वारी विकत घ्यायची म्हणजे काय! गावी चार दिवस जाणार असशील तर मेसच्या काकूंना आधी सांगून खाडे लावून घे, मुली लाजतात आणि पैसे फुकट जातात. आणि जाताना एसटीने जा, मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्ध तिकीट आहे, तरी दिवाळीत दुप्पट-तिप्पट देऊन ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या मुली मला माहितीयेत.

रूममेटचं काय, त्यांना सरळ सांग की लोन फिटेपर्यंत मॉल नको, घरी काहीतरी करू. एकदा स्पष्ट सांगितलं की माणसं सहसा चिडवत नाहीत, दरवेळी पोट दुखतंय डोकं दुखतंय असं सांगत बसलं की चिडवतात. मैत्रिणीच्या लग्नाला मात्र जा गं, आहेर छोटा दे.

आता मामा. एसआयपी वाईट नाही पण तुझं लोन फेडणं म्हणजे साडेदहा टक्के गॅरंटीड, बिनटॅक्सचे. पीपीएफ ही सरकारी बचत योजना सुद्धा ७.१ टक्के देते, आणि मार्केट पुढची चार वर्षं किती देईल हे मामांना पण माहीत नाही. पीएफ कापला जातोय ना, तेवढी गुंतवणूक सध्या बास.

काकांचा मुद्दा तर तुला लागूच नाही. ऐंशी-ई कलमाखाली एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट मिळते, वरची मर्यादा नाही, आठ वर्षांपर्यंत, हे सगळं खरं, पण ती फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, म्हणजे कर मोजायच्या जुन्या पद्धतीत. नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, तुझा पगार त्याच्या निम्मा पण नाही, मग वाचवणार काय? आणि तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतीस तरी तीस रुपये वाचवायला बँकेला शंभर रुपये देणं हे कुठलं शहाणपण.

बाबा काळजीपोटी बोलतायत, त्यांना वरचे आकडे कागदावर लिहून दाखव.

एक कामाचं राहिलं. जास्तीचे पैसे सॅलरी अकाउंटला पडून ठेवायचे नाहीत, लोन अकाउंट नंबरवर एनईएफटी करायचे, आणि पगार झाला की लगेच, कारण व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर लागतं. काही ठिकाणी ते पैसे पुढच्या महिन्याचा ॲडव्हान्स हप्ता म्हणून धरतात आणि मुद्दल तिथल्या तिथेच राहते. म्हणून ब्रँचला लेखी अर्ज दे की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घे. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट काढून मुद्दल खरंच उतरली का बघ. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे व्याजदर वरखाली होणारं लोन असेल तर लवकर फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, काउंटरवर कोणी दुसरं काही सांगितलं तर लेखी मागायचं, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

प्रश्न: मुलाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवून लोन काढलं होतं. मुलाने पोटाला चिमटा काढून ते मुदतीआधी फेडलं, सगळी रक्कम भरून दोन महिने झाले पण घराची मूळ कागदपत्रं मिळत नाहीयेत. प्रत्येक वेळी हेड ऑफिसहून यायचीत असं सांगतात. काय करावं?
– एक वडील, नाशिक

उत्तर: काका, फेऱ्या मारणं बंद करा आणि लिहायला घ्या. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की पूर्ण कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि तारणाचा बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते, डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. तुमचे तीस दिवस कधीच उलटलेत. ब्रँच मॅनेजरच्या नावाने अर्ज करा, त्यात शेवटची रक्कम भरल्याची तारीख आणि ही भरपाई दोन्ही स्पष्ट लिहा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर ओम्बड्समनकडे (लोकपालाकडे) तक्रार करता येते, त्याला फी नाही आणि वकील पण लागत नाही. सोबत नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्या, आणि महिन्याभराने मुलाला त्याचा सिबिल रिपोर्ट काढायला सांगा, लोन तिथे क्लोज्ड दिसलं पाहिजे, तुम्ही को-ॲप्लिकंट असाल तर तुमचा पण काढा.