कांजीची घाई नको

जपानी शिकताना पहिल्याच आठवड्यात कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरचिन्हांच्या, मागे लागू नकोस. आधी हिरागाना, म्हणजे जपानीची साधी उच्चारलिपी. मूळ अक्षरं 46, रोज पाच गिरवलीस तर दहा दिवसांत हातात बसतील. क्रमही आपल्याला परका नाही: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला. 'का'च्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'गा', 'हा'ला इवलंसं वर्तुळ दिलं की 'पा'.

काताकाना या दुसऱ्या उच्चारलिपीत उच्चार तेच, वापर मुख्यतः परकीय शब्दांसाठी. तिथे 'शि' आणि 'त्सु' सगळ्यांनाच रडवतात (मी अजूनही कधीकधी चुकते). नुसता आकार बघू नकोस. शेवटची रेघ 'शि'त खालून वर जाते, 'त्सु'त वरून खाली.

कांजी मात्र सुट्या पाठ करू नकोस. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच 2136 आहेत आणि एकेकीचे उच्चार अनेक. डोंगराची कांजी एकटी असली की 'यामा', 'फुजिसान'मध्ये (म्हणजे फुजी पर्वत) 'सान'. माणसाच्या नावाला जोडतात तो आदरार्थी 'सान' हा नव्हे बरं का! म्हणून शब्दासकटच शीक. आणि वहीत देवनागरीतून उच्चार लिहिणं हिरागाना आला की बंद कर. डोळा तिकडेच पळतो.